नऊ नंबरचं निरोगी रक्त

प्रिय ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (डावा पाय स्टुलावर ठेवून लिहितो आहे, त्यामुळे वाकणं जमलं तेवढंच, गोड मानून घे). तुझे गुडघे काय म्हणतात, भावोजींचा खोकला गेला का, ते सविस्तर कळव. इकडे मी मजेत आहे. माझी मजा कुठल्या प्रकारची, ते पुढे येईलच.

तुला ठाऊकच आहे, बावीस वर्षं मी लोकांच्या दंडाला रबरी पट्टा बांधून रक्त काढतो आहे आणि "मुंगी चावल्यासारखं वाटेल" हे एकच खोटं रोज बोलतो आहे. यंदा आमच्या प्रयोगशाळेत एक संशोधन सुरू झालं. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून एक पेप्टाइड निघतं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा चिमुकला तुकडा, पण काम दांडगं: तो रक्तवाहिनीला आवळतो. (तुझ्या शाळेतल्या शिवणाच्या बाई आठव. चणीनं एवढ्याशा, पण वर्गात शिरल्या की चाळीस मुली अंग चोरून बसायच्या.) ज्यांच्या रक्तात नको तिथे गुठळ्या होतात, त्यांच्यात हे पेप्टाइड पुष्कळदा वाढलेलं दिसतं. आता गुठळी होते म्हणून ते वाढतं, की ते वाढतं म्हणून गुठळीला हातभार लागतो, याचा छडा आमच्या डॉक्टरीणबाईंना लावायचा आहे. पण हे पेप्टाइड भारी नाजूक. रक्त काढलं की नळी लगेच बर्फात, तिथून थंड यंत्रात गरगर फिरवायची, मग गोठवायची. जरा ऊब लागली की मेहनत पाण्यात. मी बर्फाची बादली घेऊन दिवसभर असा धावायचो, की दोघा-तिघांनी मला सरबतवाला समजून हाक मारली.

रोग्यांशी ताडून पाहायला निरोगी माणसंही हवी होती, आणि धडधाकट माणूस आपल्या पायांनी दवाखान्यात येत नाही. ती जमवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. लिफ्टवाला आला, दोन परिचारिका आल्या, धोबी आला. कचेरीतले मोठे कारकून मात्र सुई दिसायच्या आधीच, नुसत्या स्पिरिटच्या वासानं खुर्चीतून घसरले. त्यांना सावरताना माझी बादली उपडी झाली आणि आम्ही दोघंही बर्फात बसलो. शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, "झालं का काढून?" मी हो म्हणालो. ते समाधानानं गेले. (आता भेटतील त्याला ते सांगतात, की काही दुखत नाही.)

अशा रीतीनं एक माणूस कमी पडला, तेव्हा मी स्वतःच बाही वर केली. परिचारिकेनं रक्त काढून नळीवर नंबर चिकटवला. नळ्यांवर नावं नसतात. कोणाचा कुठला नंबर, ते बाईंच्या कुलपातल्या वहीत. माझा मी पाहिला नाही, कारण त्या वेळी मी मोठ्या धैर्यानं खिडकीबाहेर बघत होतो. मुंगी असली चावत नाही, ताई.

पंधरा दिवसांनी आकडे आले. नऊ नंबरचा निरोगी माणूस पेप्टाइडच्या बाबतीत कित्येक रोग्यांच्या पुढे. बाईंना वाटलं माझ्या हातून चूक झाली. मला राग आला. मी चाचणी पुन्हा केली, मग पुन्हा एकदा. आकडा हलेना. गुठळीच्या चाचण्याही बिघडलेल्या निघाल्या. मग मी चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकवलं, की हा नऊ नंबर लबाड आहे, आजार लपवून घुसला आहे, असल्या माणसांमुळेच संशोधनाचं वाटोळं होतं. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि विचारलं, "पाय दुखतो का तुमचा?"

दुखत होता. डावी पोटरी तीन आठवडे सुजली होती; उभ्याचं काम म्हणून मी तेल चोळत होतो. बाईंनी त्याच पावली सोनोग्राफीला पाठवलं. पोटरीत गुठळी निघाली. सरकून छातीत गेली असती तर हे पत्र तुला दुसऱ्या कोणी लिहिलं असतं. बाई म्हणाल्या, नुसत्या पेप्टाइडवरून निदान करत नाहीत, पण त्या आकड्यामुळे आपण बघायला तरी गेलो. आता रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. धोका टळला आहे. लिफ्टवाला रोज विचारायला येतो, आणि माझं नाव निरोगी गटातून काढून पलीकडच्या गटात घातलं आहे. तेवढीच बढती.

काळजी करू नकोस. भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. भाचीबद्दल वर मुद्दामच विचारलं नाही. माझ्या रक्तातला हा गुठळ्यांचा दोष घराण्यातून आलेला आहे, असं पुढच्या तपासणीत निघालं. तिला पाचवा महिना, आणि बाळंतपणाच्या आगेमागे असल्या गुठळीचा धोका वाढतो. तिच्या डॉक्टरांना सोबतचा कागद दाखव आणि तिचं रक्त तपासून घे. उद्याच. तुझंही. तू सुईला घाबरतेस, म्हणून एवढं लांबण लावून हसवायचा प्रयत्न केला.

आणखी एक. बाईंनी विचारलं, तुमची आई कशानं गेली. मी म्हणालो, अचानक. आपण एवढंच म्हणत आलो. तेव्हा मी अकरा दिवसांचा होतो आणि तू तेरा वर्षांची. काकू मला पांढऱ्या पायाचा म्हणायची, तू तिच्याशी भांडायचीस आणि मला उचलून आत न्यायचीस. त्या दिवसांत आईचा पाय सुजला होता का गं? मला नीट आठवून लिही. खरं तर एवढंच विचारायला बसलो होतो.