संध्याकाळपर्यंत कुणाला सांगू नका

प्रिय दादा,

हे पत्र मुद्दाम तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय. वहिनीसमोर उघडू नकोस, आधी एकट्याने वाच. 'घाबरू नकोस' असं लिहिणार होते, पण मीच इतकी घाबरलेय की ते लिहायला हात धजत नाही. लहानपणी तू मला भित्री भागूबाई म्हणायचास. आता परक्यांच्या लग्नात घुसून शंभर माणसांना 'इकडे बघा, इकडे बघा' म्हणून दटावते, तरी आतली भागूबाई आहे तिथेच आहे. रविवारच्या लग्नात जे घडलं ते तुला सांगायचंय. आईबद्दल शेवटी लिहिते.

सकाळी नवरीच्या घरी पोचले तेव्हा तीन खोल्यांत मुंगीला शिरायला जागा नव्हती. कुणी इस्त्री शोधतंय, कुणाचा ब्लाउज होत नाहीये, नवरीची आई सगळ्यांवर खेकसण्याच्या नादात स्वतःची वेणी घालायची विसरलेली. नवरी तेवढी शांत. ती शाळेत विज्ञान शिकवते. मेकअपवाली पापण्या रंगवत होती, तर मिटल्या डोळ्यांनीच मला म्हणाली, "माझे कमी काढलेत तरी चालतील, बाबांचे भरपूर काढा. कॅमेरा दिसला की ते पळतात." शालूचा फोटो घ्यायला मोकळी भिंत हवी होती म्हणून मी मागच्या खोलीत गेले. तिथे गाद्यांच्या थप्पीला टेकून तिचे बाबा बसले होते. नव्या सदऱ्याची कॉलर घामाने चिंब, एक हात जबड्याखाली. मला वाटलं रडतायत. नवरीचे वडील कोपरा शोधतातच. मी कॅमेरा उचलला, तसा त्यांनी पंजा आडवा धरला. आधी म्हणाले, दाढ ठणकतेय. मग म्हणाले, दाढ नाही, छातीत कळ येते आणि वर चढते, पहाटेपासून चाललंय.

मी दाराकडे वळले तर त्यांनी माझं मनगट पकडलं. हात बर्फासारखा गार. "हिचं एकदा ठरलेलं मोडलंय, ताई. पत्रिका वाटून झाल्या होत्या. आज मी आडवा झालो तर लोक पोरीलाच पांढऱ्या पायाची म्हणतील. ती गाडीत बसली की मी आपला आपण दवाखान्यात जातो. संध्याकाळपर्यंत कुणाला सांगू नका. तुम्हाला तुमच्या आईची शपथ." दुसऱ्या कुठल्या शपथेला मी बधले नसते, दादा. पण हल्ली त्या एका शब्दाने माझी बोबडी वळते. मी मान हलवली.

मग सुरू झाला तो दिवस. हॉलवर नवरीमुलीचा मामा वऱ्हाडाला पाणी देतोय, व्हिडिओवाला माझ्या पायात वायरी सोडतोय, भटजी माइक फुंकतायत, आणि माझा कॅमेरा सारखा त्या एका माणसाकडे वळतोय. ते हसत होते, व्याह्यांना मिठी मारत होते, जिना चढताना कठडा धरून थांबत होते आणि थांबलो नाही असं दाखवायला कुणाला तरी हाक मारत होते. अंतरपाट धरला, अक्षता उडायला लागल्या. सगळ्यांच्या नजरा नवरानवरीवर, मी मात्र पडद्याच्या कडेने त्यांच्याकडे बघतेय. ते डोळे मिटून उभे होते. प्रत्येक 'सावधान'ला मला वाटायचं, आता पडले. अंतरपाट दूर होतो त्या क्षणाचा फोटो मी हुकवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

कन्यादानाला ते खाली बसले तेव्हा हातातल्या भांड्यातलं पाणी थरथरत होतं. लोकांना वाटलं, बाप गहिवरलाय. समोरच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी फोटो काढून स्क्रीनवर बघितला तर त्यांचा चेहरा राखेसारखा. म्हटलं, रंगाचं काहीतरी सेटिंग चुकलंय. पण शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोचा चेहरा नेहमीसारखा होता, हातावरची हळद पिवळीधमक होती. चूक कॅमेऱ्याची नव्हती. सकाळी हॉलवर आल्यावरचा त्यांचा फोटो उघडून बघितला, मग पुन्हा आत्ताचा. ओठांचा रंग उतरत चालला होता, आणि ते माझ्याशिवाय कुणाला दिसत नव्हतं, कारण समोरचं माणूस हळूहळू बदलत गेलं की जवळच्यांना कळत नाही.

विधी उरकताच मी त्यांना खांबाआड गाठलं आणि ते दोन फोटो दाखवले. म्हटलं, काका, हे बघा, आता तरी चला. ते म्हणाले, "थोडंच राहिलंय हो. तुमच्या वडिलांनी काय केलं असतं?" आपल्या बाबांनीही हेच केलं असतं, तुला माहीत आहे.

जोडीचे फोटो काढायला नवरानवरीला गच्चीवर नेलं. नवरा भला मुलगा, लाजून हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं त्याला. मी म्हटलं, जरा मान इकडे, छान, आता हसा. नवरी हसली, आणि माझं बोट बटणावर चालेना. सांगितलं तर हिच्या आयुष्यातला हा दिवस मी मोडणार. आणि सांगितलं नाही तर? मी कॅमेरा खाली घेतला आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. ती रडली नाही की किंचाळली नाही. फक्त विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" मी म्हटलं, सकाळपासून. दादा, तिने माझ्याकडे जे बघितलं ना, ते मी जन्मात विसरणार नाही. मग शालूचा घोळ मुठीत धरून ती जिना उतरली, त्या बांगड्यांचा आवाज सगळ्या हॉलभर. वडिलांसमोर उभी राहून म्हणाली, "बाबा, उठा. आत्ता." ते पाहुण्यांकडे बघत काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली, "पाहुणे जेवतील. तुम्ही उठा." नवऱ्याने एका बाजूने धरलं, तिने दुसऱ्या बाजूने. फुलांनी सजवलेली नवरीची गाडीच तेवढी दारात होती. त्याच गाडीतून नेलं.

मागे राहिले मी आणि ते वऱ्हाड. नवरीची काकू माझ्यापुढे येऊन म्हणाली, "तोंडाला कुलूप नाही का हो तुमच्या? घटकाभर थांबला असतात तर काय बिघडलं असतं?" खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. संध्याकाळच्या स्वागत समारंभाला बोलावलेले लोक यायला लागले, कुणाकुणाला थांबवणार? नवऱ्याच्या वडिलांनी ठरवलं, आलेल्याला जेवल्याशिवाय पाठवायचं नाही. नवरा दवाखान्यातून परतला आणि स्टेजवर एकटाच उभा राहिला. बाजूची खुर्ची रिकामी. दिव्यांच्या माळा लागलेल्या, सनई बंद. लोक हळू आवाजात विचारायचे, तो हात जोडायचा. मी ते फोटो काढत होते, पण कुणाचाही फोन वाजला की माझी मान तिकडे वळायची. शेवटी त्याचाच फोन वाजला. ऐकता ऐकता तो स्टेजच्या पायरीवर मटकन बसला. मी डोळे मिटून घेतले. मग त्याने वर बघून सांगितलं, वाचले. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं.

जेवणं संपत आली तेव्हा नवरी आली. खोपा सुटलेला, शालूवर आईचा साधा स्वेटर. स्टेजवर चढून नवऱ्याशेजारी उभी राहिली आणि मला म्हणाली, "काढा." हसली नाही. मीही 'हसा' म्हटलं नाही. निघताना जवळ येऊन एवढंच बोलली की सकाळीच सांगायला हवं होतंत. रागाने नाही. जसं आहे तसं.

दादा, आता आईचं. तिच्या पोटात गाठ आहे. गेल्या महिन्यात कळलं. फोनवर 'जरा ॲसिडिटी आहे' म्हणते, ते खोटं. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला ऑपरेशन ठरलंय, आणि तिचं वय बघून डॉक्टर कसलीच खात्री देत नाहीत. वहिनीचे दिवस भरत आलेत, बाळंतपण सुखरूप होऊ दे, मग दादाला सांगू, असं म्हणून तिने मला स्वतःचीच शपथ घातलीय. ती मी आज मोडतेय. फोनवर सांगता येत नाही, कारण आपलं बोलणं चालू असताना ती दाराशी येऊन उभी राहते, आणि बाहेरून लावला तर तुझ्याशेजारी वहिनी असते. आत्ता शेजारच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपलीय, आणि दर थोड्या वेळाने मी जाऊन तिचा श्वास बघून येतेय. मला एकटीला हे झेपत नाही रे. वहिनीला काय आणि किती सांगायचं ते तू ठरव. पण ऑपरेशनच्या आधी ये. आईला माझ्यावर रागावायचं तर रागावू दे. निदान तुला डोळे भरून बघितल्यावर रागावेल.

तुझीच,
छोटी