माळविहिरीला कुलूप, रुतूचं लगीन दारात

१२ ऑक्टो.
सकाळीच पाण्याची खुशाली विचारायला निघालो. पाणी समिती गळ्यात पडल्यापासनं हा नेम. आधी पाझर तलाव. "काय आजीबाई, तब्येत?" काठोकाठ भरलीय, बगळे मांडीवर खेळतात. मग गावविहीर. ही घरातली थोरली सून. टाकी भरायचं सगळं ओझं हिच्यावर, पण तोंडावर तेज हाये. शाळेमागचा हातपंप दमेकरी, खोकून खोकून पेलाभर देतो. त्याला म्हणलं, जप बाबा. शेवटी माळविहीर. गावाबाहेर एकटी, लाजरी, पण पाणी असं गोड की वरण एका वाफेत शिजतं. सगळी सुखरूप.
घरी आलो तर आमची कारभारीण सुंदरा म्हणाली, "विहिरींची चौकशी झाली असंल तर माझ्या गुडघ्याचीबी करा." केली. ठणकतोय म्हणे. तेल चोळून दिलं.

२ नोव्हें.
रुतूची सुपारी फुटली! माझी थोरली नात, शहरात दवाखान्यात नर्स. मुलगा वाळूजला कंपनीत, हसरा. लगीन आठ मेला. लगेच पुढं धोंड्याचा महिना, म्हणजे तारीख सरकवायची सोय नाय.
आमच्या गावात उन्हाळ्यातलं लगीन दारात व्हायचं कधीच बंद झालंय. पाणीच नसतं. पोर गावची, अक्षता शहरातल्या मंगल कार्यालयाच्या हालात. अन् ही म्हणते, "आबा, मला दारातच पायजे. पाणी तुमीच बघता ना?"
सापडलो. म्हणलं, गावाला पुरून उरलं तर दारात. नाय उरलं तर हाल, अन् रडायचं नाय.
व्याही खो खो हसले. "आबा, नवरी पास झाली, आता तुमची परीक्षा!"

१६ नोव्हें.
ग्रामसभा. माळविहीर दरसाल मोटारी लावून माघातच कोरडी करतात. यंदा ती उन्हाळ्यासाठी राखायची ठरली. वर पत्रा, पत्र्याला कुलूप.
सुंदरानं घरी टोचलं, "किल्ली तुमच्या करगोट्याला दिसली तर लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं नातीसाठी पाणी दडवलं." खरंय बाई. किल्ली भीमनगरच्या सुमनबाईंना नेऊन दिली. त्यांच्या हातनं किल्ली काढणं म्हणजे मुंगीच्या तोंडातनं साखर काढणं.
"आबा, तुमालाबी द्यायची नाय ना?"
"मला तर मुळीच नाय."
"बरं. मग चहा तेवढा घेऊन जा."

१५ जाने.
संक्रांत गोड झाली. आजपासनं नळ तीन दिवसाआड. थोडी कुरकुर, मग तिळगूळ, मग गप्प. पंप चालवतो तो शफीक आला. पंपाची काळजी पोटच्या पोरासारखी. म्हणतो, "आबा, मोटर बुढ्ढी हो गई, हौले हौले चलाना पडता." म्हणलं, माझ्याकडं बघून बोलतोस का मोटारीकडं?

४ मार्च
धुळवड कोरडीच खेळली. तलावात आता चिखल जास्त, पाणी कमी. आजीबाई वाळत चालल्या. पण मनात धीर, माळविहीर हाये ना.

२० मार्च
काल पाडवा. आज सुमनबाईंनी कुलूप काढलं. शफीकनं पत्रा सरकवला अन् दोघंही मागं सरले. वास! पाणी वरपर्यंत, पण हिरवंगार, साय धरलेलं. आधीचा पाला आत कुजला. चार महिने दोरी नाय, पोहरा नाय, वारा नाय. असं जपलं की नासवलं.
पाय घरी वळेनात.
सुंदराला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, लोणच्याची बरणी झाकून ठेवली तरी अधनंमधनं हलवतात. तुमी तर विहिरीला सोवळ्यात बसवलं."
एवढं साधं. म्हणलं, आधी का नाय बोललीस?
"विचारलं कधी? तुमी विहिरींनाच विचारता."
रुतूचा फोन. आवाज बारीक. "आबा, हाल बघायचा का?"
म्हणलं, थांब जरा...

२२ मार्च, रविवार
आज उपसा. ऐन चैतात भरली विहीर रिकामी करायची, म्हणजे काळजावर दगड. पारावरून एकजण ओरडला, "म्हाताऱ्याला पाणी चढलंय!" दुसरा म्हणाला, "चढू दे, तेवढंच वर राहील."
पण ते पाणी वाया कशाला घालवायचं? पिण्याला नाय, झाडांना चालतं. ज्याच्या घरी होती त्यानं नळी आणली. एकीला एक जोडत गेली पार गावापर्यंत. लिंबं, शेवगे, मोसंबीची रोपं, सगळ्यांनी पोटभर घेतलं. दर जोडातनं कारंजी उडत होती, पोरींनी धुळवडीची कसर भरून काढली. शफीक मोटारीशी गोडीगुलाबीनं बोलत बसला होता, "चल मेरी रानी, थोडा और."
तळाचा गाळ काढताना सरपंचांच्या आईचा जुना तांब्या निघाला. म्हातारी तो उराशी धरून नाचलीच की!
आता तळाशी ओली माती. झरे फुटतील का? सगळे माझ्या तोंडाकडं बघतात.

२९ मार्च
फुटले! खडकाच्या कपारीतनं, आधी घाम आल्यासारखे, मग धार. रुतू सुट्टी काढून आली. गावाचा रिवाज, उपसलेल्या विहिरीचा पहिला पोहरा लेकीला. तिनं ओंजळ प्यायली अन् डोळे मिटले. "आबा, तेच पाणी!"
पण पहिल्याइतकं नाय. निम्मंच भरलं असंल. नवा नियम : पत्रा काढला, जाळी टाकून तिला कुलूप लावलं, रोज प्रत्येक आळीनं पाळीनं पाणी शेंदायचं. किल्ली सुमनबाईंकडंच.

१४ एप्रिल
जयंती. भीमनगरात माळविहिरीच्या पाण्याचं सरबत. मी तीन पेले प्यालो. सुमनबाई म्हणाल्या, "पाणी समितीनं जपून प्यावं."

४ मे
दोरी सोडून बघितली. गेल्या महिन्यापेक्षा परसभर, म्हणजे माणूस बुडंल एवढं, खाली. गावाला मिरगापर्यंत रडतखडत पुरंल. वऱ्हाडाला नाय. शब्द तो शब्द. व्याह्यांना फोन केला, हाल बघा. सुंदरा चुलीपाशी पाठ फिरवून बसली. मीही भाकरी मोडून तशीच ठेवली.

५ मे
सकाळी दारात बायकांची झुंबड, पुढं सुमनबाई.
"आबा, रुतूला आहेर काय द्यावा, ठरलंय आमचं. भांडी नाय, लुगडी नाय. लग्नाच्या दिवशीची आपापली पाळी तिला. त्या दिवशी गावात कुणी माळविहिरीचं पाणी भरणार नाय."
म्हणलं, हे नियमात बसत नाय. मी समितीवर...
"समितीत तुमी मोठे असाल. लग्नात नुसते नवरीचे आजोबा. गप बसा. किल्ली कुणाकडंय?"
पुन्हा व्याह्यांना फोन. ते म्हणाले, "बरं झालं, मी हाल बघतोच म्हणलं अन् बघितलाच नाय."
सुंदरानं कालची भाकरी परत वाढली. गोड लागली.

८ मे
लगीन दारात!! लिंबाच्या सावलीत मांडव. वाढप्यांना ताकीद, पेला अर्धाच भरा, मागितला तर आणखी. शफीक पाण्याच्या पिपापाशी नव्या सदऱ्यात, "पियो पियो, लेकिन फेको मत, आबा देख रहे." जावयाचे पाय धुताना सुंदरानं पाणी परातीत धरलं अन् नंतर मोगऱ्याला घातलं. व्याह्यांनी दोन बाटल्या भरून घेतल्या, वाळूजला न्यायला. रुतू निघाली तेव्हा रडली नाय. मीच...
पाणी उरलं. थोडं, पण उरलं.

२४ मे
धोंड्याचा महिना. येत्या रविवारी जावई जेवायला. सुंदरा अनारशाच्या पिठाला जपतेय. सकाळी फेरी मारली. तलाव कोरडा, गावविहीर थकलेली, हातपंपाची तर वाचाच गेलीय. माळविहिरीत घागर बुडते, पण तळाला टेकून आवाज येतो. पुरंल का, देव जाणे. मिरग लांब हाये.
रुतूला एका बोटानं मेसेज टाकला, तोच इथं उतरवतो :
"रुते, सगळे बरे. आजीचा गुडघा बरा. जावयाला घेऊन लवकर निघ, उन्हाच्या आत पोच. इकडं ढग येतात अन् नुसती तोंडं दाखवून जातात. तुमच्या वाळूजला नळ कितव्या दिवशी येतो, भरायला कोण उठतं, ढग कुठल्या अंगाला दिसतात, सगळं कळव. लगोलग कळव, वाट बघतोय."