तिसऱ्या घावाला फुटलेला नारळ

विंझर, ता. वेल्हे
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय इंद्रजित,

हे पत्र मुद्दाम कागदावर लिहिते आहे. गेल्या तीन महिन्यांत तुझ्या मोबाईलवर मी जे जे पाठवलं, त्याखाली दोन निळ्या खुणा उमटल्या आणि पुढे काही नाही. एकदा तू हात जोडल्याचं चित्र पाठवलंस. एवढं शिकून, एवढ्या मोठ्या हुद्द्यावर बसून तुझ्याकडे बहिणीला द्यायला एक पिवळं चित्र उरलं! कागदाची निदान घडी उलगडावी लागते.

आधी घरचं सांगते. आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जानेवारीत झालं. काळा चष्मा लावून ती ओसरीवर बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते, "इंद्रजितनं पैसं धाडलं, म्हून दिसाया लागलं." धाडलेस, खरं आहे. भाऊबीजेलाही धाडलेस. मोबाईल वाजला आणि मी ओवाळायचं ताट तसंच फळीवर परत ठेवलं. इंद्रायणी भात यंदा छान पिकला. एक पोतं तुझ्या नावाचं बाजूला काढलं आहे, तेही आईनंच. मी काढलं नसतं.

आता जहांगीरभाईंचं. भोरचे, मामांच्या भिंतीला भिंत असलेले आपले जहांगीरभाई. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ते आईला मामांकडून घरी आणत होते. मार्गासनी सोडली, चढ लागला, आणि बॉनेटखाली पोतंभर भांडी ओतावीत तसा आवाज होऊन इंजिन मेलं. स्टेअरिंग जड झालं, ब्रेक दगडासारखा झाला, गाडी उतारानं मागं सरकू लागली. मागून एसटी येत होती. जहांगीरभाईंनी हँडब्रेक ओढला, मागचं चाक चरात घातलं आणि गाडी थांबवली. आईचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. सुपारीएवढं टेंगूळ आलं. हे तुला आजवर कुणी सांगितलं नाही, कारण तिनं आम्हा सगळ्यांना शपथ घातली होती. रस्त्याच्या कडेला दगडावर बसून, पदर कपाळाला लावून ती जहांगीरभाईंनाच दटावत होती, "तूच नीट चालवली नसंल. माझ्या पोराचं इंजिन हाय ते. न्हाई फुटायचं."

जहांगीरभाई म्हणाले, "व्हय आत्या. माझंच चुकलं." त्या माणसाची तीन वर्षांची कमाई चरात तिरकी उभी होती, आणि तो तुझ्या आईची समजूत काढत होता. तुमच्या कंपनीत सभ्यतेचं शिक्षण देणारे वर्ग भरतात म्हणे. एक दिवस तो वर्ग त्या चढावर भरवा.

गाडीची वॉरंटी संपून एकोणीस दिवस झाले होते. एकोणीस. मग सुरू झाली ती यात्रा, जिच्यात मी बाई म्हणून, शाळामास्तरीण म्हणून आणि तुझी बहीण म्हणून जहांगीरभाईंच्या सोबतीला गेले. हायवेवरचं तुमचं सर्व्हिस सेंटर मी आता आतून-बाहेरून ओळखते. दारावर 'ग्राहक आनंद कक्ष' अशी पाटी आहे. आत थंडगार हवा, कॉफीचं मशीन, आणि चेहऱ्यावर इस्त्री केलेला एक टायवाला तरुण. तो दर वाक्याआधी म्हणतो, "मॅडम, मी तुमच्या भावना समजू शकतो." तिसऱ्या खेपेला मी त्याला म्हटलं, बाळा, भावना राहू दे, मेकॅनिक म्हणतो ती इंजिनातली चेन समजावून सांग. तर त्याला चेन कुठं असते हेच माहीत नव्हतं. त्याचाही दोष नाही. तुम्ही लोकांनी त्याला तिथं उभं केलं आहे ते फक्त शिव्या झेलायला, म्हणजे वर काचेच्या केबिनीत बसलेल्यांची झोप मोडू नये.

फोनचा तर वेगळाच सोहळा. एक दाबा, तीन दाबा, मग सनई वाजते, मग कुणीतरी नाव विचारतं, मग पुन्हा सनई. एवढ्या सनईत दोन लग्नं लागली असती. सहा आठवड्यांनी लेखी उत्तर आलं. इंजिन निकामी होण्याचं कारण, गाडी डोंगराळ भागात चालवली आणि ऑइल वेळेवर बदललं नाही. ऑइल बदलल्याच्या सगळ्या पावत्या तुमच्याच सर्व्हिस सेंटरच्या शिक्क्याच्या! आणि डोंगराळ भाग? जहांगीरभाईंच्या घरात तुमच्या कंपनीचं कॅलेंडर आहे. त्यावर हीच गाडी एका कड्याच्या टोकावर उभी आहे, खाली ढग. एवढ्या उंचावर आमच्याकडे शेळीसुद्धा विचार करून जाते. विकताना डोंगर हा तुमचा दागिना आणि मोडल्यावर आमचा गुन्हा. मी हयातभर व्यासपीठांवर बोलले, लबाडी नाना तऱ्हेची पाहिली. पण दाखवायचं चित्र आणि द्यायचं कारण एकच ठेवण्याएवढी आळशी लबाडी पहिल्यांदा पाहिली.

गाडी सध्या त्यांच्या दारात ताडपत्रीखाली आहे. बॉनेटखाली कोंबडी बसते. परवा तिनं तिथं अंडं घातलं, तर त्यांच्या पत्नी जाहिदाभाभी मला म्हणाल्या, "बघा बाई, ह्या गाडीनं तीन महिन्यांत पयल्यांदा कायतरी दिलं." आम्ही दोघी हसलो. मग त्या अंडं ओच्यात घेऊन आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. जहांगीरभाई आता दुसऱ्याचा टेम्पो चालवतात. वेल्ह्याच्या वरच्या वाड्यांमधून अडलेल्या बायकांना भोरच्या दवाखान्यात पोचवणारी एकच गाडी होती. वेळी-अवेळी फोन केला तर नाही न म्हणणारा एकच माणूस होता. त्या वाड्यांवरच्या बायका आता मला विचारतात, आणि मी मान खाली घालते. मी, इंद्रजित. माझी मान खाली.

का ते तुला ठाऊक आहे. २०२१ मध्ये गावानं शाळेच्या पटांगणात तुझा सत्कार केला आणि भाषण मी केलं. पन्नास मिनिटं. शब्द मला अजून पाठ आहेत, आणि आठवले की तोंड धुवावंसं वाटतं. "या इंजिनात विंझरचं पोर आहे, ते तोरण्याचा चढ पाहून घाबरणार नाही!" टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या जोरावर या खोऱ्यात सहा गाड्या आल्या. बंडू पवारानं म्हशी विकून घेतली, सोनबानं मुलीच्या लग्नाआधी घेतली. कुणीही मेकॅनिकला विचारलं नाही. रत्नाबाई बोलल्या ना, मग झालं. सहापैकी चार इंजिनं आज मेली आहेत. चौघांचं मरण एकसारखं: आधी सकाळी पहिल्या स्टार्टला खुळखुळ, मग महिना-दोन महिन्यांत तो भांडी ओतल्याचा आवाज.

आणि आपल्या लोकांचं वेडेपण तर बघ. सहाही जणांनी गाडी दारात आणून उभी केली आणि तू सुट्टीवर येईपर्यंत थांबले. तुझ्या हातून नारळ फुटल्याशिवाय चाक हलवायचं नाही, असा रिवाजच पडला. इंजिन बनवणाऱ्याचा हात लागला म्हणजे इंजिनाला काही होणार नाही. शेवटचा नारळ जहांगीरभाईंच्या गाडीचा, २०२२ च्या दसऱ्याला. आठवतो? पहिल्या घावाला नारळ निसटला. दुसऱ्याला नुसता चरा पडला. सगळे हसले. सगुणाकाकी ओरडली, "सायबाचा हात मऊ झाला रं शहरात!" तिसऱ्या घावाला फुटला, तोही वेडावाकडा. तू खोबऱ्याचा तुकडा सगळ्यांना वाटलास आणि स्वतः खाल्ला नाहीस. मी म्हटलं, दात दुखत असेल.

जहांगीरभाईंची तक्रार पुण्याच्या ग्राहक आयोगात दाखल आहे, त्यांच्या वतीनं मी बोलते आहे, हे तुला कंपनीतून कळलंच असेल. तुमच्या वकिलानं लेखी म्हणणं दिलं आहे. त्यात ठळक अक्षरांत आहे, "असा कोणताही दोष कंपनीस ज्ञात नाही." चार मेलेली इंजिनं हा त्यांच्या लेखी योगायोग. माझ्याकडे आवाज आहे, पावत्या आहेत, चार माणसांचे जबाब आहेत. पण 'ज्ञात' हा शब्द खोडून काढेल असा पुरावा नव्हता. पुढची सुनावणी १२ मार्चला आहे. आणि मला स्वच्छ दिसत होतं, आपण हरणार.

मग जानेवारीत आईच्या ऑपरेशनसाठी आधार कार्ड हवं होतं. तिच्या कागदांची जागा तुला माहीत आहे, देवघरात, देवांच्या पाठीमागे. तुझी दहावीची गुणपत्रिका, इंजिनिअरिंगची पदवी, नोकरीचं पत्र. तिला एक अक्षर वाचता येत नाही, पण तुझी सही ओळखते. लहानपणी पिठाच्या डब्यावर कोळशानं गिरवायचास, ती तिनं अजून पुसलेली नाही. जिथं ती सही दिसेल तो कागद तिच्या लेखी तुझा मान. दर दसऱ्याला विळा-खुरप्याबरोबर त्या गठ्ठ्याची पूजा होते. तो गठ्ठा मी सोडला आणि सगळ्यात खाली एक इंग्रजी कागद निघाला. कोपऱ्यावर चार दसऱ्यांचं हळदकुंकू. खाली तुझी सही.

मी उभ्यानंच वाचला. चेन ताणून धरणारा भाग कच्चा आहे, चेन सैल होऊन इंजिन निकामी होतं, हे कंपनीच्या तपासणीत सिद्ध झालं आहे. वॉरंटीत कुणी आवाजाची तक्रार केली तर न सांगता तो भाग बदलून द्या. वॉरंटीनंतर आला तर देखभालीतला निष्काळजीपणा म्हणून नोंद करा. लेखी काही देऊ नका. तारीख, ८ ऑगस्ट २०२२.

नारळ तू ५ ऑक्टोबरला फोडलास.

त्या दिवसापासून मी तुझ्याबद्दल जे जे विचार केले ते लिहिले तर हा कागद जळेल. तुमच्या वकिलाची मला कीव येते, टायवाल्या पोराची दया येते. तुझी मात्र शिसारी आली. लबाड माणसाला निदान लबाडीची चव असते. तू तर खोबऱ्याचा तुकडाही गिळू शकला नाहीस. भित्रा माणूस. जहांगीरभाईंच्या गळ्यात हात टाकून फोटो काढलास, आणि एक वाक्य बोलला नाहीस. "वॉरंटी आहे तोवर ती चेन बदलून घ्या." आठ शब्दसुद्धा नाहीत! तेवढ्यानं चारही गाड्या वाचल्या असत्या. मी पन्नास मिनिटं खोटं बोलले, पण मला ते खरं वाटत होतं. तू गप्प राहून त्याच्या कितीतरी पट खोटं बोललास.

पण एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. तू कागद विसरणारा माणूस नव्हेस. शाळेत असताना तुझ्या दप्तरातून पेन्सिलीचं टोक हरवलं नाही. कंपनीचा असा कागद तू दसऱ्याला घरी आणतोस, आणि तो नेमका आईच्या हाती लागेल अशा जागी राहतो? तिला विचारलं. म्हणाली, "पडलेला न्हवता. देवापाशी ठेवलेला व्हता त्यानंच. म्या फक्त गठ्ठ्यात बांधला." विसरलास, की ठेवलास? साडेतीन वर्षं तू कुणीतरी तो वाचण्याची वाट पाहत होतास का?

मंगळवारी मी तो कागद आईला मराठीत वाचून दाखवला. टेंगळाची जागा चाचपत ती ऐकत राहिली. मग तिनं कागद माझ्या हातातून घेतला, पण गठ्ठ्यात बांधला नाही. पिठाच्या डब्याखाली सरकवला आणि म्हणाली, "देवापाशी न्हाई ठिवायचा ह्यो. आन् तूबी न्यायाचा न्हाईस. त्याचा हाय, त्यानं येऊन उचलावा." म्हणून हे पत्र. मी त्याची झेरॉक्स काढलेली नाही, मोबाईलवर फोटोही नाही. १२ मार्चच्या आत ये. डबा उचल, कागद घे, आणि मग तुला हवं ते कर. आईसमोर चुलीत घाल, मी अडवणार नाही. त्या दिवशी आयोगात नुसत्या आवाजावर लढेन, हरेन, आणि तुझं नाव या घरात पुन्हा घेणार नाही. किंवा तो खिशात घालून माझ्याबरोबर जहांगीरभाईंच्या दारात चल. तिथून पुण्याला आपण तिघं एसटीनं जाऊ. ओवाळायचं ताट अजून फळीवरच आहे.

अजून तरी तुझीच,
रत्नाआक्का