पिकलेली कच्ची कैदी

तीर्थरूप अण्णांना नमस्कार.

इथे जेवण बरं आहे, खोली हवेशीर आहे. तुमचा गुडघा कसा आहे?

तुरुंगातल्या कारकुनीत रुळले. सध्या कैद्यांची वर्गवारी करतेय: शिक्षा झालेले पक्के, खटला चालू असलेले कच्चे. कच्चेच जास्त निघाले, अण्णा!

परवा एका म्हातारीला विचारलं, "आजी, शिक्षा किती?"

"निकालच नाही, पोरी. सहा वर्षं झाली. पिकले, तरी कच्चीच."

आरोप चोरीचा. सिद्ध झाला तरी शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं. साहेब म्हणाले, "तू फक्त रकाना भर."

रकाना भरला, आणि त्यांना न विचारता तिच्या सुटकेचा अर्ज कोर्टात धाडला. उद्या कोर्टाने तिला बोलावलंय, साहेबांनी मला. शहाणपणा केला की आगाऊपणा, काही कळत नाही.

आईला सांगू नका.

तुमची गोंधळलेली,
धाकटी