मनकर्णामावशींचा फोटो

पुणतांबा, ता. राहाता
गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५

चि. सुहास,

आम्ही दोघं बरे आहोत. यांचा खोकला गेला. माझा गुडघा जिना दिसला की कुरकुरतो, पण त्याचं काही नवल नाही. नळाला दोन दिवसांआड पाणी येतं आहे. मनवाची परीक्षा जवळ आली असेल, तिला म्हणावं जागरणं करू नकोस, पहाटे उठून वाच. पेरूंचा हंगाम संपत आला. या वर्षी तुला पेटी पाठवली नाही. का, ते पुढे येईलच.

तुला वाटेल, ताईनं फोन सोडून पत्र का लिहिलं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून. मागच्या मंगळवारी मी तोंड उघडलं की तुझं 'ताई, आधी ऐक तर', आणि शेवटपर्यंत ऐकायचं काम माझंच. एकतीस वर्षं मी टपाल कचेरीत काढली. पत्राला मध्येच थांबवून 'आधी माझं ऐक' म्हणता येत नाही, एवढं मला नक्की ठाऊक आहे.

तुमच्या पुण्याच्या क्लबच्या फोटोस्पर्धेतल्या बक्षिसाचं पार्सल पोचलं. काचेचं सन्मानचिन्ह, सोनेरी अक्षरांत माझं नाव, 'व्यक्तिचित्र विभाग, प्रथम क्रमांक'. यांनी कौतुकानं ते टीव्हीशेजारी मांडलं. मी ते उचलून पुन्हा खोक्यात घातलं आणि खोकं पलंगाखाली सरकवलं. ते पाहिलं की मला संताप येतो, सुहास. तुझा येतो.

कुणी सांगितलं होतं तुला मनकर्णामावशींच्या फोटोखाली ती ओळ लिहायला? 'पाच वर्षं झाली. लेक न्यायला येईल म्हणून ती रोज दाराकडे बघते.' कोण लेक? कुठलं दार? मनकर्णामावशी कुठे राहतात, हे तू एका शब्दानं तरी विचारलं होतंस का? त्या त्यांच्या स्वतःच्या घरात राहतात. लेक ज्ञानेश्वर, सून, नात संस्कृती आणि बन्सीबाबा, म्हणजे त्यांचे मालक, असं भरलेलं घर आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ज्ञानेश्वरनं आईला नगरला नेलं, दोन दिवस दवाखान्यात तिच्या उशाशी बसून राहिला. पेरूची तोडणी सुरू असताना बाग सोडून गेला. दर वर्षी तुला पेटी जायची ती याच बागेतली. अशा मुलाला तू एका ओळीत आईला टाकून देणारा करून टाकलंस. आणि खाली ऐटीत लिहिलंस, 'छायाचित्र: शोभाताई, पुणतांबा.' माझं नाव आणि माझं गाव. मग ती बाई कोण, हे शोधायला लोकांना कितीसा वेळ लागणार?

तुला त्या बाईंबद्दल काहीच माहीत नाही, म्हणून सांगते. तू मला तुझा जुना कॅमेरा दिलास, व्हिडिओ कॉलवर उजेड कसा पाडायचा ते शिकवलंस, त्याचे उपकार मी विसरलेली नाही. निवृत्तीनंतर मला त्या नादानं माणसात ठेवलं. पण पहिले सहा महिने मी पितळी तांब्या, भोपळा आणि यांचं डोकं यांच्यापलीकडे गेले नव्हते. हे तर पाच मिनिटांत डुलक्या घेतात. जिवंत माणसाच्या चेहऱ्यावर उजेड कसा फिरतो ते मला शिकवलं ते मनकर्णामावशींनी. रस्त्याच्या कडेला पेरू घेऊन बसायच्या. हौस म्हणून हं, घरी बसवत नाही म्हणून. मी भीतभीत विचारलं, बसाल का माझ्यासमोर? त्या म्हणाल्या, "बसंन की. पेरूम्होरं बसती, तुमच्याम्होरं बसाया काय जातंय?"

मग दर बुधवारी दुपारी त्या आमच्या ओसरीत यायच्या. मागं काळी घोंगडी टांगलेली, डाव्या हाताला पांढरा कपडा लावलेला दिवा, उजव्या हाताला थर्माकोलचा तुकडा, म्हणजे सावलीच्या बाजूला थोडा उजेड परत यावा. तासन्तास बसायच्या त्या. मान वळवा म्हटलं की वळवायच्या, हनुवटी खाली म्हटलं की खाली. सुनेला सांगायच्या, "आज मला मॉडेलिंगला जायाचंय." एवढंच मागणं होतं त्यांचं की एक फोटो हसरा काढा, फ्रेम करून भिंतीला लावीन. मी हो म्हणायचे आणि म्हणायचे, आधी जरा गंभीर बसा. हसल्यावर गाल वर येतात, सावली मोडते. हे तूच शिकवलेलं.

आता तुझ्या त्या ओळीनं काय केलं ते ऐक. क्लबच्या पानावरून फोटो कुणीतरी उचलला, त्याला 'माणुसकी मेली' असं शीर्षक जोडलं, आणि आठ दिवसांत तो आमच्या गावच्या ग्रुपवर. दूध घालायला गेलेल्या ज्ञानेश्वरला चारचौघांत विचारलं गेलं, आईला कुठं ठेवलंय रे? काष्टीहून त्याच्या मामाची माणसं गाडी करून आली, मनकर्णामावशी खरोखर घरात आहेत का ते डोळ्यांनी बघायला. संस्कृती अकरावीत आहे. वर्गातल्या पोरींनी तिला मोबाईल दाखवून विचारलं, हीच ना तुझी आजी? चार दिवस ती कॉलेजला गेली नाही. ज्ञानेश्वर मुळातच कमी बोलणारा. आता तो रस्त्यात मला बघून सायकलवरून उतरायचाही थांबला आहे.

आणि तू फोनवर काय म्हणालास? म्हणालास, लोक मूर्ख आहेत त्याला आपण काय करणार. म्हणालास, फोटो वेगळा आणि माणूस वेगळा, कलेत एवढं चालतं. परीक्षक त्या ओळीनंच हलले, ती काढली तर फोटोत उरतं काय? शेवटी म्हणालास, ताई, तू भावनेच्या भरात आहेस, बक्षीस परत दिलंस तर क्लबचा सचिव म्हणून माझं हसं होईल. तुझं हसं, सुहास. तुझं.

मी थांबते. बाकीचं उद्या.

शुक्रवार, सकाळ

काल लिहिलेलं वाचून पाहिलं. एक शब्दही मागे घेत नाही. पण ते अर्धंच आहे, आणि अर्धं पत्र पाकिटात घालायला मन धजत नाही.

मी त्यांच्या वस्तीवर गेले होते, मंगळवारी, तुझा फोन ठेवल्यावर. यांना सोबत येऊ दिलं नाही. ज्ञानेश्वर अंगणात खोकी ठोकत बसला होता, त्यानं मान वर केली नाही. सुनेनं सतरंजी टाकली. मनकर्णामावशी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, माझ्यासमोर ठेवला आणि पलीकडे भिंतीला टेकून बसल्या. त्यांना मी सगळं सांगितलं. ती ओळ मी लिहिली नाही, माझ्या भावानं लिहिली, पुण्याच्या लोकांना काय कळतंय, असं मी भरभर बोलत राहिले. तुझ्यावर सगळं ढकलत होते, आणि ढकलताना बरं वाटत होतं.

त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "ल्हिलं त्यांनी. पन कुकू कुनी पुसाया लावलं, बाई?"

सुहास, हे तुला माहीत नाही. मी कुणालाच सांगितलेलं नाही, यांनासुद्धा नाही.

त्या बुधवारी मावशी नवं हिरवं लुगडं नेसून आल्या होत्या. चष्मा, कवळी, नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. हसरा फोटो आज काढायचा असं ठरलं होतं. मी दोन-चार काढले आणि मला ते आवडेनात. लग्नातल्या फोटोसारखे दिसत होते. मी त्यांना चष्मा काढायला लावला. मग कवळी. मग नथ. आपल्या आईच्या पेटीतलं विटकं लुगडं आणून खांद्यावरून घ्यायला दिलं. थर्माकोलचा तुकडा बाजूला केला, म्हणजे अर्धा चेहरा अंधारात बुडाला. तरी त्या लाल कुंकवावरच नजर जात होती. मी म्हणाले, मावशी, तेवढं कुंकू पुसता का? फोटोपुरतं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "हे हायेत की घरी." मी म्हणाले, अहो, फोटोपुरतंच, लगेच लावा पुन्हा. रुमाल मीच पुढे केला. त्यांनी पुसलं. माझ्या शब्दाखातर पुसलं. तेवढ्यात त्यांचे डोळे भरून आले, नुकत्याच ऑपरेशन झालेल्या डोळ्यांवर दिव्याचा उजेड पडला म्हणून भरून आले असं मी स्वतःला सांगितलं, आणि बटण दाबलं. तेच ते पहिलं बक्षीस.

माझ्या कपाळावरची टिकली मी कुणाच्या फोटोसाठी काढली असती का? हे नुसते खोकले तरी माझा हात कपाळाकडे जातो.

आणि तू फोटो स्पर्धेला पाठवण्याआधी मला ती ओळ वाचून दाखवली होतीस. तू मंगळवारी ते बोलला नाहीस, याचंच मला नवल वाटतं. बहुधा विसरला असशील. मी विसरलेले नाही. मी भांडी घासत होते, फोन खांद्यावर धरलेला. तू वाचलंस, आणि मी म्हणाले, छान आहे. ती खोटी आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं, सुहास. पण तू म्हणाला होतास की असा फोटो क्लबात वर्षानुवर्षं कुणी काढलेला नाही. आयुष्यभर लोकांच्या मनीऑर्डरींवर शिक्के मारले, एकदा तरी माझ्या नावाला कुणी टाळ्या वाजवाव्यात असं मला वाटलं. छान आहे म्हटलं आणि भांडी घासत राहिले.

तर वस्तीवर मी हे सगळं कबूल केलं. ज्ञानेश्वरचा हातोडा थांबला. बन्सीबाबा आत खाटेवर होते, ते काठी टेकत बाहेर आले. पंचाहत्तरीचा माणूस, आवाज अगदी खालचा. संस्कृतीकडून त्यांनी मोबाईल मागून घेतला, फोटो उघडायला लावला आणि उन्हाला हात आडवा धरून बघितला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिला मी असं कवाच पाह्यलं नव्हतं. मी गेल्यावर ही कशी दिसनार, ते तुमी मला जित्तेपनीच दावलं, बाई."

त्यांनी मोबाईल संस्कृतीला परत दिला. मी रडले असते तर बरं झालं असतं, पण रडायचा हक्क माझा नव्हता.

मी माफी मागितली. मावशी 'असू द्या' म्हणाल्या नाहीत. त्या तसं म्हणतील अशी आशा धरून मी गेले होते, हे मला तिथे कळलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचं तुमी बोलला. आता ज्यानं ल्हिलं त्याला म्हनावं, हितं यावं आन ह्यांच्याम्होरं बसून वाचून दाखवावं. वाचाया जमलं तर मग चांगलं ल्हिलंय म्हनू."

मी निघाले तेव्हा बुधवारचं विचारलं नाही. त्यांनीही काढलं नाही. गेल्या दोन बुधवारी ओसरी रिकामीच आहे, आणि मी घोंगडी घडी करून ठेवली आहे.

आता मी काय केलं ते. तुझ्या क्लबच्या अध्यक्षांना काल पत्र टाकलं. त्यात लिहिलं की फोटोतल्या बाई त्यांच्या घरी सुखात आहेत, पती हयात आहेत, मुलगा आईला जपतो. लुगडं माझ्या आईचं, अंधार मी पाडलेला, कुंकू मी पुसायला लावलेलं आणि मजकूर सचिवांचा. बक्षीस परत घ्या आणि फोटो उतरवा. पलंगाखालचं सन्मानचिन्ह सोबत पार्सलनं गेलं. तेच पत्र जसंच्या तसं मी गावच्या ग्रुपवर माझ्या नावानं टाकलं आहे. काहींनी मला नको नको ते लिहिलं. लिहू देत. दूध केंद्रावर मी स्वतः जाऊन चारचौघांत सांगून आले. ज्ञानेश्वर तिथेच होता. माझं बोलून होईपर्यंत थांबला.

तुझं हसं होईल हे मला ठाऊक आहे. मी तुला विचारून केलं नाही, कारण तू मला पटवलं असतंस, आणि मी पटवून घेतलं असतं. तेवढं मी आता स्वतःला ओळखते.

रविवारी, २ मार्चला, तू इकडे ये. कॅमेरा आणू नकोस. मनवाला आणलंस तर चांगलं, तिनंही ऐकावं. मी तुला वस्तीवर घेऊन जाईन. बन्सीबाबांसमोर बसायचं, ती ओळ त्यांच्या तोंडाकडे बघून मोठ्यानं वाचायची, आणि मग तुला जे बोलायचं असेल ते बोलायचं. कलेबद्दल बोलावंसं वाटलं तर कलेबद्दल बोल. मी तुझ्या शेजारी बसेन, कारण त्या ओळीला छान मी म्हटलं होतं.

आला नाहीस, तर मला फोन करू नकोस. भाऊबीजेला ओवाळायला मी येणार नाही. हे रागात लिहीत नाही, राग गुरुवारीच लिहून झाला.

लहान भावाला पत्र लिहिताना शेवटी आशीर्वाद लिहायची रीत आहे. तो लिहायला माझा हात होत नाही. तो तुला वस्तीवरून परत आल्यावर, आपल्या ओसरीत, प्रत्यक्ष देईन.

वाट बघते आहे,
शोभा