मुदतीच्या तापाची वही

॥ श्री ॥
मुरुड, जि. लातूर
५ मार्च २०२५

चि. शेषूस, सिंधुअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुला माझं ऐकू येत न्हाई आन मला तुझ्या कविता थांबवता येत न्हाईत, म्हणून हे पत्र. आपल्या ऋतुजाच्या साखरपुड्याला नजर लागली बघ. तू नांदेडला परत गेलास आन पंधरा दिवसांत इकडं तापाची रांग लागली. आधी सूनबाई पुनम, मग नवरदेव आदर्शचा चुलता बजरंग. दोघांनाबी लातूरला दवाखान्यात ठेवावं लागलं. रक्तात जंतू सापडले. टायफॉईड, म्हणजे आपला जुना मुदतीचा ताप. आता दोघं उठून बसलेत, पुनम तर भाकरी मागून राहिलीय. त्यांचा घोर मिटला.

माझा सुरू झाला. गावातल्या तपासणीवाल्यानं घरातल्या सगळ्यांचं रक्त घेऊन ती विडाल का काय केली. मला ना ताप ना कणकण, तरी कागदावर माझंच नाव पॉझिटिव्ह. झालं! आदर्शची आजी नागुबाई चारचौघींत बोलली म्हणे, की म्हातारीच्या हातातच जंतू हायेत, लग्नात तिचा हात कशाला लागू देऊ नका. रुखवताचे लाडू बाहेरून आणायचं चाललंय. माझा सुदर्शन, पोटचा पोरगा, त्योबी खाली बघून म्हणतो की आई, जरा दमानं घे.

शेषू, साठ वर्षं लोक म्हणत आले की सिंधूच्या हाताला चव हाय. आता म्हणतात, हाताला जंतू हाय. पुनम मला कोथिंबीर निवडू देत न्हाई. एकुलत्या नातीचं लग्न आन मी पाहुणीसारखी खुर्चीवर बसून अक्षता टाकू? अठरा मे काही लांब न्हाई. तू मास्तर होतास, मार्ग काढ. कविता पाठवू नको.

माया हायेच, जपून वापर.
सिंधुअक्का


॥ श्री ॥
नांदेड
११ मार्च २०२५

ती. सिंधुअक्का हिस, शेषूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा नागुबाईंचा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं, आणि तिसऱ्यांदा मी थेट आपल्या लहानपणच्या कंधारला पोचलो. आठवतं का? मी नऊ वर्षांचा, तू बाराची, आणि दोघांना एकदमच मुदतीचा ताप. एकवीस दिवस एकाच घोंगडीवर, डोक्याला डोकं लावून. तुला पेज नको असायची, मला शाळा हवी असायची. शेवटी गुरुजी कवितांचं पुस्तक घरी देऊन गेले आणि मी ते पाठ करून टाकलं. माझं आयुष्य त्या तापानंच वळवलं, अक्का! आजही कपाळ जरा गरम झालं की मला चाली सुचतात.

बरं, बरं, मुद्द्यावर येतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी, डॉ. लुंबिनी, लातूरला जंतूंच्या प्रयोगशाळेत आहे. तिला तुझी हकीकत सांगितली तर ती पोट धरून हसली. विडाल म्हणे आपल्यासारखीच म्हातारी आहे, जुन्या आठवणी काढत बसते. जंतू कधीकाळी येऊन गेला असला, किंवा त्याच्यासारखा दुसराच कुणी दारावरून गेला असला, तरी शरीर ते लक्षात ठेवतं आणि विडाल ओरडते. आज जंतू घरात आहे की नाही, हे तिला सांगता येत नाही.

आता नवी तपासणी निघाली आहे, ती जंतूची जनुकंच शोधते. जनुकं म्हणजे काय, तर प्रत्येक जंतूच्या पोटात चार अक्षरांत लिहिलेली एक लांबच लांब कविता. चारच अक्षरं, अक्का! आमच्या वृत्तांना लघु आणि गुरू असे दोन पुरतात, तिथं चार म्हणजे चैनच. ते यंत्र त्या कवितेतली एक ठरलेली ओळ शोधतं. सापडली की मी वर्गात शिक्षा करायचो तसं करतं, ओळ पुन्हा पुन्हा लिहून काढतं. एकीच्या दोन, दोनाच्या चार, तीस फेऱ्यांत अब्जावर. ओळ मुळातच नसेल तर वही कोरी. कोरी वही म्हणजे तू निर्दोष.

त्यासाठी तुला तीन वेगवेगळ्या दिवशी सकाळची डबी द्यावी लागेल. कशाची ते सुदर्शन सांगेल, मला लिहायला लाज वाटते. पण एकट्या मुलाला अंगठे धरून उभं करणं मला कधी जमलं नाही. तुझ्या जोडीला मीही माझी डबी देणार. काल लुंबिनीला तसं कळवूनही टाकलं.

लोभ आहेच. उकळून, गार करून पाठवत जावा.
तुझा शेषू


॥ श्री ॥
मुरुड
२४ मार्च २०२५

चि. शेषूस आशीर्वाद. वि. वि.

दिल्या बाबा तुझ्या डब्या, तीनच्या तीन. सुदर्शन फटफटीवर लातूरला घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी स्टँडापाशी नेमकी नागुबाई भेटली आन पिशवीत काय हाय म्हणून विचारलं. त्यो गडबडला आन म्हणाला की आईनं दिलंय. तिला वाटलं माझे लाडू, तर चार हात लांब सरकली. जन्मात पहिल्यांदा बाई शहाणपणानं वागली! पुनम हसून हसून बेजार झाली, तिच्या अंगात पुन्हा रक्त आल्यासारखं वाटलं.

काल लुंबिनीचा फोन आला. तिन्ही वह्या कोऱ्या. पोरीनं मला आजी म्हटलं, तुझ्यापेक्षा नीट बोलते.

पन नागुबाई कुठं ऐकते? ती म्हणते की हिच्यात न्हाई तर मग आला कुठून? आकाशातून पडला का? तिचंबी चुकलं म्हणता येत न्हाई, तिच्या लेकानं दहा दिवस दवाखाना काढलाय. चोर सापडल्याबिगर मी सुटत न्हाई, शेषू. रुखवताच्या लाडवांची ऑर्डर पुढल्या महिन्यात द्यायची हाय म्हणे. मी साखरपुड्याच्या दिवशी सगळं चुलीवर रटरटून शिजवलं होतं. न शिजवलेला काय तो तुझा मठ्ठा. कोपरापर्यंत हात घालून ढवळत होतास, वर चालीवर गात होतास. पुनमनं त्याचे दोन गिलास घेतले, बजरंगनं चार मारले.

चेष्टा करून राहिले, मनावर घेऊ नको.

जीव लावून हाये, तुटू देऊ नको.
सिंधुअक्का


॥ श्री ॥
नांदेड
१२ एप्रिल २०२५

ती. अक्का, शि. सा. न. वि. वि.

नाच! पदर खोच आणि नाच! चोर सापडला. तो मी आहे.

माझ्या डबीत ती ओळ निघाली. लुंबिनीनं मग माझा जंतू काचेच्या बशीत वाढवला. पुनमच्या आणि बजरंगरावांच्या रक्तातले जंतू दवाखान्यानं जपून ठेवले होतेच. तिघांचीही पूर्ण कविता तिनं यंत्रावर वाचून घेतली, प्रत्येकी जवळपास अठ्ठेचाळीस लाख अक्षरं. आता ऐक. बरोबर उत्तर दोघांचं सारखं आलं तर कॉपी सिद्ध होत नाही. पण दोन वह्यांत एकच चूक एकाच जागी असली, की मास्तर समजतो. मी पस्तीस वर्षं पोरं अशीच पकडली. जंतूही आपली वही उतरवताना चुका करतो, आणि पुनमच्या नि बजरंगरावांच्या वहीत माझ्याच चुका जशाच्या तशा आहेत. उतरवलं माझ्याकडूनच!

लुंबिनी म्हणते, हा आजकालचा जंतू दिसत नाही. आजकालच्यांना जी औषधं चाटूनही जात नाहीत, ती याला अजून लागू पडतात. बहुधा कंधारच्या घोंगडीवरचाच आहे, माझ्या पित्ताशयात भाड्याशिवाय सहासष्ट वर्षं राहिलेला. तुझा गेला, माझा राहिला. अक्का, माझ्या कंधारच्या वर्गातलं कोण उरलंय आता? हा एकच! मी आनंदानं येरझाऱ्या घालत होतो. भुजंगप्रयातात दोनच ओळी लिहितो, रागावू नकोस:

जुन्या तापल्या त्या दिसांचा सखा तू
कुठे रे लपूनी असा राहिला तू

आणि मग पुनमचा चेहरा डोळ्यांपुढे आला. सलाईन लावलेला तिचा हात. गाण्याच्या नादात मी त्या दिवशी साबण न लावता नुसतेच हात खळबळले होते. त्याचे दहा दिवस तिनं आणि बजरंगरावांनी भोगले, आणि दीड महिना तू. त्या दोघांना वेगळी पत्रं लिहिली आहेत. तुझ्यासाठी मात्र शब्द सापडत नाही, आणि मी म्हणे मराठीचा मास्तर.

अठ्ठावीस दिवस गोळ्या आहेत. सोनोग्राफीत खडे नाहीत, म्हणजे कापाकापी टळली. नंतर डब्या कोऱ्या येईपर्यंत स्वयंपाकघरात पाऊल नाही. लग्नाला मात्र मी येत नाही, अक्का. माझ्या नावानं मांडवात कुजबूज नको. अहवालाची प्रत जोडली आहे, ती नागुबाईंपुढे ठेव. तुझा हात मोकळा झाला, माझं पोट भरलं.

लोभ कमी झाला असल्यास समजू शकतो.
तुझा शेषू


॥ श्री ॥
मुरुड
१८ एप्रिल २०२५

चि. शेषूस आशीर्वाद. वि. वि.

कागद ऋतुजानं मोठ्यानं वाचला. नागुबाई समोर बसली होती. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं की शेंगदाण्याच्या लाडूत गूळ किती घालता. मी म्हटलं की हात धुऊन या, दाखवते. पुनमनं न सांगता परात माझ्यापुढं सरकवली, आन मी जरा वेळ डोळे पुसत बसले, मग कामाला लागले.

बजरंगला तुझं पत्र पोचलं. त्यो म्हणतो की मामा गुन्हेगार असतील, पन मठ्ठा एक नंबर होता.

आता तुझं. येत न्हाई म्हणजे काय? नातीच्या लग्नात सख्खा भाऊ न्हाई, हे मी कुणाकुणाला समजावू? लुंबिनीला मीच फोन केला. ती म्हणाली की शेजारी बसून, बोलून हा ताप लागत न्हाई. साबणानं हात धुवायचे, वाढण्या-रांधण्यात पडायचं न्हाई, बाकी खुशाल मिरवा. तिलाबी आवतन दिलंय. मंगलाष्टक तू म्हणायचं, चारच कडवी, घड्याळ माझ्या हातात राहील.

आन पंगतीला माझ्या शेजारी बसायचं. हात खिशात घालून. पहिला घास मी भरवीन, साऱ्या मांडवापुढं, माझ्या ह्या हातानं. बघू दे सगळ्यांना.

वाट बघून राहिलेली,
सिंधुअक्का