चांदीच्या पाठीवरचे रक्त

चि. दिव्यास,

सालेकस्याहून तुझ्या दुर्पता आत्याचा सेवा जोहार. नागपूरच्या मेसमध्ये पोटभर जेवत असशील असे धरून चालतो. मी बरी आहो (गुडघा सोडून, तो माझे ऐकत नाही). फोन केला की तू "आत्या, मग बोलतो" म्हणून ठेवून देते, म्हणून ही चिठ्ठी. चिठ्ठी मधातच कट करता येत नाही.

दिवाळीत तू त्या परदेशातल्या रक्तपित्या वटवाघळांचे सांगितले होते ना? ते गाईजवळ जमिनीवर चोरासारखे चालत येते, नाकाने गरम जागा हुडकते, बारीक चावा घेते आणि रक्त ओढत नाही, चाटते. थुंकीने ते गोठतही नाही. दोन-तीन राती उपाशी राहिले तर मरते, म्हणून शेजारचे वटवाघूळ आपल्या पोटातले रक्त काढून त्याले भरवते. (माणसापेक्षा बरे.) तर एका सकाळी उंबराखाली बांधलेल्या आपल्या चांदी गाईच्या पांढऱ्या पाठीवर लाल डाग! मी ओरडली. अख्खा टोला अंगणात. शेजारची शामकला हळद घेऊन आली, ईश्वरदासने मासोळ्यांचे जाळे चांदीभोवती बांधले, तर चांदीच त्यात अडकली. तिले सोडवता सोडवता दुपार झाली, सगळ्यांचा दोनदा चहा झाला. रोज डाग, रोज माणसे. चांदीले दुसरीकडे बांध, असे मात्र कोणाले सुचले नाही.

शेवटी गुरांचा डॉक्टर आला. त्याने डाग बोटाने पुसला, वास घेतला, बारीक बिया दाखवल्या. म्हणे ते रक्तपिते आपल्या देशात नाहीतच. आपली वटवाघळे उंबर चघळून चोथा खाली थुंकतात. सगळे हसले अन् आपापल्या घरी गेले. तेव्हापासून इकडे कोणी फिरकून नाही राहिले. तू होती तेव्हा माझ्याच ताटात जेवायची. आता एकटीसाठी भात टाकायचा कंटाळा येते, घर खायले उठते.

तब्येतीले जप.
तुझी आत्या

ता. क. तो उंबर माझ्याच हाताने लावलेला आहे. डाग कशाचा, हे मले पहिल्याच सकाळी समजले होते. शामकलाले सांगू नको.

आणखी एक. सुट्टीत ये. नाहीच जमले तर सांजेले फोन करून "आत्या, जेवली का" एवढेच विचारत जा. मग ठेवून दिला तरी चालते.